छत्तीस की अडतीस

आमच्या गल्लीत कुत्री किती, यावरून कट्ट्यावर भांडण जुंपलं होतं. एक म्हणाला शंभर, दुसरा म्हणाला पन्नासच्या वर एक निघालं तर मिशी उतरवतो. विषय लसीचा होता. रेबीज आटोक्यात आणायचा तर निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. पण सत्तर टक्के कशाचे, शंभराचे की पन्नासाचे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गणिताचा निवृत्त मास्तर समोर बसलेला असताना हे लोढणं दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार?

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागे. यंत्रमागाचे कारखाने, ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका आणि रिक्षा आली की स्कूटर भिंतीला लावावी लागते अशा गल्ल्या. मे महिना. कुत्री मोजायची ती उजाडताना. नऊ वाजून गेले की गटारीत, गाड्यांखाली, कारखान्याच्या जिन्याखाली ती अशी गडप होतात की गल्लीत कुत्रंच नाही असं वाटावं.

रीत सोपी. एक दिवस ठरलेल्या रस्त्यानं फिरून दिसेल त्या कुत्र्याचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच रस्ता. मग दोन्ही दिवशी सापडलेली कुत्री ओळखून काढायची. पहिल्या दिवसाचा आकडा गुणिले दुसऱ्या दिवसाचा, भागिले समाईक. समाईक जितकी जास्त, तितकी नजरेतून सुटलेली कमी. डेन्मार्कच्या पीटरसनचं नाव या रीतीला माशांमुळे चिकटलं, अमेरिकेच्या लिंकनचं बदकांमुळे. मासा पकडून खूण करावी लागते. कुत्र्याच्या अंगावर ठिपके-पट्टे जन्मापासून असतात, म्हणून फोटो पुरतो. आपल्या बारामती तालुक्यातल्या खेड्यांत अशा मोजणीच्या निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्याचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. तो वाचूनच मला हुरूप आला.

पहिल्या दिवशी २४. दुसऱ्या दिवशी २७. समाईक १७. गुणाकार ६४८, भागिले १७, म्हणजे ३८. मी खूश. शेजारच्या अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांना मोबाइल दाखवला.

‘‘मास्तर, हे दोन कुठलं? एकच हाय की.’’

मी म्हटलं, अक्का, नीट बघा. याच्या अंगावर केवढा काळा डाग आहे, आणि हा दुसरा नुसता तांबूस.

‘‘डाग डाव्या अंगाला हाय, उजव्या अंगाला नाय. कान बघा त्याचा.’’ बोटं विडीवरच होती, मान तेवढी वर केली होती. फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही फोटोंत त्याच कानाला तीच खाच, नसबंदी केल्यावर देतात ती, आणि खाचेखाली जुन्या भांडणातला तोच चिरा. पहिल्या दिवशी मी डावीकडून फोटो घेतला होता, दुसऱ्या दिवशी उजवीकडून. समाईक १८ झाली आणि भागाकार ३६. एक कुत्रं ओळखता आलं नाही म्हणून गल्लीत दोन कुत्री वाढली होती! तेव्हापासून दोन्ही अंगांचे फोटो घेतल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. कुत्रं वळेपर्यंत उभं राहायचं आणि लोकांनी विचारलं की काहीतरी थाप मारायची.

अक्कांना विचारलं, तुमच्या हिशेबानं किती? क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, तेरा. म्हणजे रात्री त्यांच्याकडे भात खायला येणारी. मटणाच्या दुकानापाशी पडून असलेली टोळी त्यांच्या खात्यातच नव्हती. ‘‘ती आमची नव्हंत.’’

पुतण्या लग्नाच्या शूटिंगला ड्रोन नेतो. त्याला माझी पायपीट पाहवेना. ‘‘काका, दहा मिनिटांचं काम आहे.’’ पण विमानतळ होटगी रस्त्याला, तेव्हा शहरात उडवायचं तर परवानगीचं लचांड. म्हणून पुणे रस्त्याला कोंडीच्या पुढे एका ढाब्यामागच्या मोकळ्या रानात गेलो. ड्रोन वर गेला तसं एक कुत्रं भुंकलं, मग सगळीच भुंकत त्याच्या मागे. पडद्यावर ११ मोजली. त्यातलं एक करडू निघालं. पायी फिरून मोजली तर १६. राहिलेली ट्रॉलीखाली आणि लिंबाच्या सावलीत पसरलेली होती. माळरान असतं, झाडझुडूप विरळ असतं, तर ड्रोननं बाजी मारली असती हे मी मान्य करतो. उष्णता टिपणारा कॅमेरा लावला तर जमेल, असं पुतण्याचं म्हणणं. थंडीत, पहाटे जमेलही. पण कुत्र्याचं अंग असतं ३८-३९ अंश, आणि मे महिन्यात दुपारी आमचा डांबरी रस्ता त्याहून कितीतरी तापलेला! शिवाय वरून पाहिलं तर कानाची खाच दिसत नाही, मादी पाजती आहे की नाही तेही कळत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री १ कोटी ५३ लाख, महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार. मुंबईत २०१४ ला सुमारे ९५ हजार, २०२४ ला सुमारे ९० हजार. पूर्वी असे आकडे वाचून मी पान उलटायचो. आता आधी वाटतं, कुठल्या वेळी फिरले असतील, आणि किती सुटली असतील?

कट्ट्यावर ३६ सांगितले. शंभरवाला म्हणाला, मास्तर, तुम्ही रात्री फिरला नाहीत. मिशीवाला मिशीवरून हात फिरवत होता.

चार दिवसांनी अक्कांनी हाक मारली. कारखान्याच्या जिन्याखाली, सुताच्या रिकाम्या पोत्यावर, कान चिरलेल्याच्या टोळीतली भुरी व्याली होती. पाच पिल्लं, डोळे मिटलेली.

‘‘ही कुठं लिहिणार?’’

वहीत मी नवा रकाना आखला. अक्कांनी दुधाची वाटी जिन्याखाली सरकवली.