गाठीभेटी

माणसाने चार पैसे गाठीला बांधावेत, असे आमचे नाना सांगत. पैसे काही बांधले गेले नाहीत. गाठी मात्र झाल्या. एक डाव्या दंडावर, दोन पाठीवर आणि चौथी बरोबर पँटच्या पट्ट्याखाली. पहिल्या तिघी वाटाण्यापासून सुपारीपर्यंतच्या. पट्ट्याखालची मात्र चांगली लिंबाएवढी.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्या दोन बोटांनी दाबल्या, इकडून तिकडे सरकवल्या आणि म्हणाले, "चरबीच्या गाठी. लायपोमा. काही करायचं नाही. घरी जा." सगळे २० सेकंदांत आटोपले. आता चार रात्री छताकडे बघत काढलेल्या माणसाची एवढी तरी अपेक्षा असते, की डॉक्टरने एकदा 'हं' म्हणून कपाळाला आठी घालावी.

"नुसतं हात लावून कळतं?" ही म्हणाली. "मग टाटामध्ये एवढी यंत्रं कशाला ठेवलीत?"

आपल्याकडे गाठ म्हटली, की पुढचा शब्द कोणी उच्चारत नाही. त्याऐवजी 'टाटा' म्हणतात. परळचे ते रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून त्याने कितीतरी जणांना सुखरूप घरी धाडले. पण घराघरांत त्याचे नाव अजून हलक्या आवाजातच निघते. हिचाही आवाज त्या शब्दापाशी उतरला होता. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायचे ठरले.

सर्जनची वेळ मिळाली दहा दिवसांनंतरची. तोवर फुकटची मते भरपूर आली. मावशी म्हणाल्या, "आवाळू ते. भाग्यवंताला होतं." (माझे पासबुक त्यांनी पाहिलेले नाही.) शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कांनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगितला. अहो, तो चामखिळीला बांधतात! माझ्या गाठी कातडीच्या आत. केस बांधायचा कशाला? शिवाय आमच्या भागात घोडा येतो तो वरातीला. वर नवरदेव बसलेला असताना मागून केस उपटायचा म्हणजे गाठींच्या आधी माझाच निकाल लागायचा. ऑफिसातला एकजण "माझ्या मेव्हण्याला अश्शाच होत्या," एवढेच म्हणाला आणि "चहा घेणार?" असे विचारून मोकळा झाला.

त्या रात्री विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, ते मी हिला सहज दाखवले.

"हे आजच का सांगताय?" म्हणत हिने कप्पा धाडकन बंद केला. मग बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी लावण्याचा आवाज येत राहिला. भांडी संध्याकाळीच लावून झाली होती.

सर्जन तरुण होता, पण घाईत नव्हता. दुखतात का, अलीकडे झपाट्याने वाढल्या का, हाताला टणक लागतात का, असे एकेक विचारत गेला. मी प्रत्येकाला 'नाही' म्हणालो. त्याने चक्क पट्टी काढून गाठी मोजल्या. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली, खोलवर असली किंवा भराभर वाढू लागली, तर जास्त तपासण्या कराव्या लागतात म्हणाला. आमचे लिंबू साडेतीन भरले. सोनोग्राफीतही चरबीच निघाली.

"वडिलांना होत्या का अशा?" त्याने विचारले.

मी 'नाही' म्हणणार होतो. एवढ्यात नानांचा हात आठवला. पेपर वाचत बसलेले नाना, आणि त्यांच्या मनगटाच्या वरची ती मऊ गोळी. आम्ही भावंडे पाळीपाळीने ती दाबायचो आणि नाना पेपरातून डोके न काढता "ट्रिंग!" म्हणायचे. ते बटण घेऊन नाना ८२ वर्षे जगले. दहा दिवस मी साऱ्या गावाला विचारत हिंडलो, पण हे काही मला आठवले नव्हते.

"काही घराण्यांत असतात," डॉक्टर म्हणाला. "पट्ट्याखालची घासत असेल तर काढू. नाहीतर राहू द्या."

म्हणजे तेच मत. फक्त २० सेकंदांच्या जागी २० मिनिटे, आणि फी चौपट. पण ती मी आनंदाने मोजली.

रिक्षात ही बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर बघत होती. पदर दोनदा डोळ्यांना लावला. धूळ होतीच म्हणा. मग हळूच माझ्या दंडावरची गाठ तिने दाबून पाहिली.

"ट्रिंग!" मी म्हटले.

"अहो, रिक्षावाला बघतोय," ही म्हणाली. हात मात्र तिथेच होता.