बादलीतले पाणी

तृतीय वर्षाला असताना मी घरी सांगितले, की मला पदवीनंतर ॲनिमेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे. त्या दिवशी घरात कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते, कारण मग मला भांडता आले असते. आई म्हणाली, "म्हणजे कार्टून का?" मामा म्हणाले, "बी. एड. कर, शिक्षिका हो, मग फावल्या वेळात काढ की चित्रे." बाबा जेवत होते. हात धुऊन आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "ह्यां शिकान काय करतलंस?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे अर्जाचा नमुना हाती आला, तर त्यातही पहिला प्रश्न तोच होता. फक्त तो इंग्रजीत होता आणि उत्तरासाठी पाचशे शब्दांची मर्यादा होती.

माझे बाबा पूर्वी पाट्या रंगवत. तालुक्यातल्या अर्ध्या दुकानांची नावे त्यांच्या हातची होती. पुढे फ्लेक्सचे यंत्र आले. जी पाटी रंगवायला दोन दिवस लागत ती अर्ध्या तासात छापून मिळू लागली, आणि बाबांचे दुकान बंद झाले. आता ते एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतात. नागपंचमीच्या सुमारास मात्र आमच्या पडवीत गणपतीची शाळा सुरू होते. लोक आपापले पाट आणून देतात, पाटाच्या मागे खडूने नाव लिहिलेले असते, आणि पुढचा महिनाभर बाबा पुन्हा माझ्या लहानपणीचे बाबा होतात. तेव्हा त्यांच्या प्रश्नातली भीती मला कळत होती. यंत्राने ज्याचा हात रिकामा केला, त्याची मुलगी आता यंत्रावर चित्रे हलवायला शिकू म्हणत होती.

अर्जासोबत स्वतःच्या कामाचा संग्रह पाठवायचा होता: प्रत्यक्ष बघून काढलेली रेखाटने आणि जमल्यास एखादी छोटी फिल्म. माझ्याकडे वहीच्या मागच्या पानांवर काढलेली चित्रे होती, त्यांतली बरीचशी भाषाशास्त्राच्या तासाला काढलेली. (सरांनी हे वाचले तर क्षमा असावी.) कला शाखेत मराठी घेतलेल्या मुलीने असल्या ठिकाणी जावे तरी का, असा न्यूनगंड होताच. तो थोडा हलका झाला तो आपल्या ग्रंथालयात. तिथे वाचले, की भारतीय ॲनिमेशनमधले एक मोठे नाव असलेले राम मोहन हे रसायनशास्त्राचे पदवीधर होते. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले, त्यांनी तिथल्या व्यंगपट विभागातल्या तरुणांना शिकवले, आणि त्या तरुणांत राम मोहन होते. या विभागाने काढलेला 'द बनियन डियर' हा जातककथेवरचा पट १९५७ सालचा. म्हणजे आधी काय शिकलो याला तिथे फारशी आडकाठी नव्हती.

पण मला खरा धीर दिला तो दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याने.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्याआधीची गोष्ट मात्र तितकी सांगितली जात नाही. १९१२ साली फाळके इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला पैसा लागणार होता, आणि हिंदुस्थानात असे काही होऊ शकते यावर पैसेवाल्यांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट घेत राहिले. अंकुर फुटला, पाने आली, वेल वर चढला. पडद्यावर पाहणाऱ्यांना अनेक दिवसांची ती वाढ मिनिटा-दोन मिनिटांत घडताना दिसली. ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभे केले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या उद्योगात गेले. पुढे फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली, तीही एकेक चौकट घेऊनच.

हे वाचताना मला एकदम वाटले, हा तर अर्जच आहे! फाळक्यांनी 'मला हे का करायचे आहे' यावर पाचशे शब्द लिहिले नाहीत. त्यांनी वाटाणा उगवून दाखवला. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते दिसेल असे करणे, हेच तर या अभ्यासक्रमाच्या नावातले 'दृश्यीकरण'.

मग मीही ठरवले, की आपल्या पडवीत जे दरवर्षी घडते तेच दाखवायचे. मातीचा गोळा ते गणपती.

ॲनिमेशनचा हिशेब सोपा आणि निर्दयी आहे. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात, मिनिटाला सातशेवीस. मी बावीस सेकंदांची फिल्म ठरवली, म्हणजे दोनशे चौसष्ट छायाचित्रे. बाबांनी एक छोटी मूर्ती साच्याशिवाय हाताने करायचे कबूल केले. मोबाइल शिडीला सुतळीने बांधला. बाबांनी मातीचा एक गोळा लावला, की हात बाजूला, मी बटण दाबायची, पुन्हा गोळा.

पहिले दोन दिवस सगळे वाया गेले. श्रावण होता. एका चित्रात ऊन, दुसऱ्यात ढग. ती चित्रे एकापाठोपाठ सरकवली तेव्हा गणपती विजेच्या कडकडाटात घडत असल्यासारखा लुकलुकत होता. मग खिडकीला गोणपाट लावले आणि एकच दिवा ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लहान मुलाने शिडीला धक्का दिला आणि गणपती एका क्षणात हातभर सरकला. चौथ्या दिवसापासून मात्र माती आपोआप चढू लागली. पोट आले, सोंड वळली, कान पसरले. आईसुद्धा मोबाइलमध्ये डोकावून "पुन्हा दाखव" म्हणाली.

शेवटी रंगकाम झाले आणि आखणी राहिली. आखणी म्हणजे डोळे. आमच्याकडे रंग कोणीही भरतो, मीही भरते; पण आखणी बाबाच करतात. मी त्यांना म्हटले, "एक रेघ दहा-बारा टप्प्यांत काढा. प्रत्येक टप्प्याला थांबा, मी फोटो घेते." बाबांनी कुंचला खाली ठेवला. "रेघ मधी थांबवूक येणा नाय," ते म्हणाले. मी पुष्कळ विनवले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. थांबलेली रेघ पुन्हा सुरू होते तिथे गाठ येते, आणि देवाच्या डोळ्यात गाठ कशी चालेल? अखेर मी मोबाइल नुसता चालू ठेवला. बाबांनी श्वास रोखला आणि एका दमात रेघ ओढली. तीन सेकंद. त्यात त्यांचा हात होता, नखात शाडू होता, आणि रेघ संपल्यावर सोडलेला श्वासही होता.

आता माझी पंचाईत झाली. अर्जात स्पष्ट लिहिले होते, की काम स्वतःचे असावे. शिवाय हे तीन सेकंद ॲनिमेशनही नव्हते. मी एक युक्ती केली. पूर्ण झालेल्या डोळ्याचे छायाचित्र घेतले आणि संगणकावर ते झाकून थोडेथोडे उघडत नेले, म्हणजे रेघ आपोआप उमटत असल्यासारखी दिसे. ब्लेंडर नावाची एक प्रणाली फुकट मिळते. लॅटव्हियातल्या लोकांनी तीच वापरून 'फ्लो' नावाचा चित्रपट केला आणि त्याला २०२५ साली ऑस्कर मिळाले. माझे काम त्यापुढे कस्पटासारखे, पण बिनचूक झाले. हात नाही, कुंचला नाही, डोळा उमटतो.

बाबांना दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि विचारले, "माझो हात कित्याक काढलंस?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फ्लेक्सवाल्याविषयीही ते कधी तक्रार करत नाहीत. पण मी त्या रात्री झोपले नाही. त्यांचा हात एकदा यंत्राने काढला होता. दुसऱ्यांदा तो मी काढला होता, आणि तोही माझ्या अर्जासाठी. सकाळी उठून मी ते तीन सेकंद परत जोडले आणि अर्जात लिहिले: 'मूर्ती आणि आखणी वडिलांची. छायाचित्रण आणि जुळणी माझी. शेवटची तीन सेकंदे ॲनिमेशन नाहीत, कारण वडील थांबायला तयार नव्हते.' आपल्या सरांनी तो मजकूर इंग्रजीत नीट करून दिला. शेवटचे वाक्य काढावे का, असे मी विचारले, तर सर म्हणाले, "तेवढेच ठेव, बाकीचे काढले तरी चालेल."

लेखी परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात मुलाखतीचे बोलावणे आले. आमच्या घरातले पहिलेच. समोर तीन परीक्षक होते. फिल्म पाहून एकांनी विचारले, "यात तुझे काय?" मी म्हटले, "त्यांचा हात नसतानाचे सगळे." ते हसले. मला वाटले, जिंकले.

मग दुसऱ्या बाईंनी एक कागद पुढे केला. "एक माणूस पाण्याने भरलेली बादली उचलतो आहे. तीन चित्रांत दाखव." मी दहा मिनिटांत तीन चित्रे काढली. बादलीची कडी, कडांवरचा प्रकाश, माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या, सगळे निगुतीने काढले. बाईंनी कागद बराच वेळ पाहिला आणि शांतपणे विचारले, "बादलीत पाणी आहे हे मला कशावरून कळावे?"

मी म्हटले, "काठाशी पाण्याची रेघ दाखवली आहे."

"ती पुसून टाक. आता सांग."

रेघ पुसली आणि मला दिसले, की माझ्या माणसाने रिकामी बादली उचलली आहे. त्याची पाठ सरळ होती, गुडघे सरळ होते आणि दुसरा हात नुसता लोंबत होता. माझ्या चित्रात पाणी होते, पण वजन नव्हते.

जूनमध्ये निकाल लागला. निवडलेल्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. मी आपल्याच महाविद्यालयात एम. ए.ला प्रवेश घेतला. मामा म्हणाले, "हरकत नाही, प्रयत्न केलास." माझ्या मनात मात्र ती बादलीच राहिली. मी बाबांना सगळे सांगितले. ते पाण्याच्या पिंपाकडे गेले, भरलेली बादली उचलून परत ठेवली आणि म्हणाले, "हातान नाय, पायान उचलूची."

त्यानंतर दोन महिने मी रोज सकाळी विहिरीवर वही घेऊन बसले. आमची आई रहाटाने पाणी काढते आणि कळशी कमरेवर घेते. बावीस वर्षे मी हे बघत होते, म्हणजे खरे तर बघत नव्हते. उचलण्याआधी तिचे सगळे अंग आधी खाली जाते. पाय फाकतात, गुडघे वाकतात, आणि मगच कळशी जमीन सोडते. कळशी उजव्या कमरेवर आली, की धड डावीकडे झुकते आणि डावा हात पंखासारखा बाहेर जातो. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले एक हेच, की कोणत्याही मोठ्या हालचालीआधी उलट दिशेची छोटी तयारी दाखवावी. आईने ते पुस्तक पाहिलेले नाही. ती मला म्हणाली, "माझ्याकडे काय बघतंस नुसती? हात लाव." मग एक दिवस वही ठेवून मीही कळशी उचलली. त्या दिवशीचे चित्र त्याआधीच्या चाळीस चित्रांपेक्षा बरे आले.

या वर्षी मी पुन्हा अर्ज भरला आहे. 'ह्यां शिकान काय करतलंस' या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही पाचशे शब्द नाहीत. नोकरी मिळेल की नाही, पुढचे एखादे यंत्र माझाही हात रिकामा करील की काय, हे मला ठाऊक नाही. पण आपण एखाद्या गोष्टीचे नुसते रूप बघतो की तिचे वजनही बघतो, हा फरक मला कळला आहे, आणि तो आणखी शिकायची ओढ लागली आहे. अर्जात मी साधारण एवढेच लिहिले.

पाठवण्याआधी संग्रहातली अठरा चित्रे पडवीत ओळीने मांडली होती. बाबा दुकानातून आले, चपला काढल्या आणि वाकून एकेक पाहत गेले. काठाशी पाण्याची रेघ एकाही चित्रात नव्हती. अकराव्या चित्रापाशी ते थांबले.

"पाणी आसा," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला मागल्या दारी गेले.