नापास पोरांचा खरीप

आमच्या एरंडोलच्या घरात दहावीचा निकाल आणि पेरणी बहुतेक एकाच पंधरवड्यात यायचे. 1975 साली अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावी आली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमचा एखादा चुलतभाऊ नाहीतर आतेभाऊ परीक्षेला असायचाच. गणित आणि इंग्रजी आमच्या घराण्याला कधी मानवली नाहीत. शाळेच्या फळ्यावर नाव सापडलं नाही की पोरगं गावभर फिरून अंधार पडल्यावर घरी यायचं. तोवर बातमी चुलीपर्यंत पोचलेली असायची. जिजी, म्हणजे आमची आजी, एवढंच म्हणायची, “व्हयना ना नापास? व्हवू दे. पहिले भाकर खाई ले.” पोरगं कळण्याची भाकरी मान खाली घालून खायचं, आणि दुसऱ्या दिवशी सालदारामागे शेतात जायचं.

ती शिक्षा वाटायची नाही. सालदार आखाजीला बांधलेला, माणसं कमी, आणि पाऊस काही कोणाचा निकाल बघून थांबत नाही. फेरपरीक्षा ऑक्टोबरात. मधे पेरणी, कोळपणी, निंदणी, श्रावणाच्या आसपास मुगाच्या शेंगा तोडणं. अडलेल्या विषयाचं पुस्तक न्याहारीच्या फडक्यात बांधलेलं असायचं, त्याला ठेच्याचा वास लागायचा. कपाशीची बोंडं फुटू लागली की परीक्षेचा फॉर्म भरलेला आहे ना, याची चौकशी सुरू. काही वर्षी मृग कोरडा जायचा, उगवलेलं करपायचं आणि दुबार पेरणी करावी लागायची. घरचे कर्ते, आबा, दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी उधारीवर बियाणं आणून पुन्हा तिफण जुंपायचे. त्या वेळी नापास झालेलं पोरगं शेजारीच बियाण्याची ओटी बांधून उभं असायचं. आबांनी त्याला कधी काही समजावून सांगितल्याचं आम्हाला आठवत नाही.

बोलणं व्हायचं ते रात्री धाब्यावर. उकाड्याच्या रात्री पुरुष आणि पोरं मातीच्या धाब्यावर झोपायची. अंधारात तोंड दिसत नाही, त्यामुळे बाप सोडून इतर कोणाशीही बोलता यायचं. काका आपण किती वेळा आपटलो ते सांगायचे. एक सातवीतच सुटलेला, एकाचा मिलोच्या भाकरीच्या दुष्काळात, 1972 साली, बैल विकला गेलेला. पोरगं ऐकता ऐकता झोपायचं.

एरंडोल म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पद्मालयाच्या गणपतीला गेलं की तिथलं भीमकुंड पाहूनच परतायचं. बकासुराच्या गोष्टीत आम्हाला गाडाभर अन्नातच रस. जिजी मात्र कुंतीपाशी थांबायची. भीमाला राक्षसाकडे पाठवते म्हणून धर्मराज आईवर चिडला, तर ती म्हणाली, हा लहानपणी माझ्या मांडीवरून पडला तेव्हा खालचा दगड फुटला होता, मला याचा जोर ठाऊक आहे. “अर्जुनला नाही धाडलं तिनं,” जिजी म्हणायची. अर्जुनाबद्दलचं हे तिचं पदरचं होतं, पण आमच्यातला कोण भीम आणि कोण नाही हे ती बरोबर ओळखायची. एका हळव्या चुलतभावाला, तो नापास झाला त्या साली, तिने शेतात जाऊच दिलं नाही. पापड-बिबडे राखायला आपल्याजवळ बसवून ठेवलं.

आता आमच्या वयाची माणसं लग्नाकार्यात भेटली की छाती काढून सांगतात, आम्ही मार खाल्ला म्हणून घट्ट झालो. मला हे पटत नाही. मार खाऊन सुरतेला पळालेली, नंतर कधीच नीट न बोलणारी पोरंही याच घरांतली, पण ती लग्नाला येत नाहीत म्हणून त्यांची बाजू कोणी मांडत नाही. आणि मुलींचं काय? नापास मुलीला ऑक्टोबर दिसायचाच नाही, दिवाळीआधी स्थळ यायचं. आमच्या एका बहिणीने दोन लेकरं झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. तिला घट्ट व्हायला कोणी शिकवलं, हे तीच जाणे. आमचं घर त्यात नव्हतं.

2015 पासून फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, जुलैच्या सुमाराला होऊ लागली. वर्ष वाचतं, हे चांगलंच झालं. पण निकाल मोबाइलवर दुपारी एकला लागतो आणि पाच मिनिटांत सोसायटीभर कळतो. मधले चार महिने आणि त्यांतली माणसं दोन्ही गेली. जळगावच्या फ्लॅटमध्ये पोरगं आणि आई-बाप, तिघंच. दार बंद केलं की ठोठावायलाही तेच दोघं.

पुतण्याचा पोरगा मागे गणितात अडकला तेव्हा त्याचा बाप मला विचारत होता, समुपदेशकाकडे नेऊ का? ने म्हटलं, आमच्या वेळी असता तर दोघं-तिघं वाचले असते. आणि तोवर दोन दिवस मळ्यात नानांकडेही सोड. नाना आमच्यातले पहिले नापास. पोरगं ठिबकच्या नळ्या जोडत दिवसभर गप्प होतं. संध्याकाळी नानांनी विचारलं, किती पडले? तो म्हणाला, बावीस.

“हुशार शे,” नाना म्हणाले. “माले चौदा व्हतात.”