पेठांचे शहर

महाराष्ट्रातून बंगळूरला जाणारा प्रवासी बहुधा मॅजेस्टिक भागात उतरतो. मुख्य रेल्वेस्थानक आणि बसस्थानक दोन्ही तेथेच आहेत. आज जेथे बसगाड्यांची अखंड वर्दळ चालते, तेथे पूर्वी धर्मांबुधी नावाचा तलाव होता. प्रवासी तेथून रिक्षा करतो आणि लालबाग, विधानसौध, महात्मा गांधी रस्ता अशी ठरलेली स्थळे पाहून दोन दिवसांत परततो. ज्या भागातून हे शहर वाढले, तो भाग बसस्थानकापासून पायी थोड्याच अंतरावर असूनही बहुतेकांचा पाहायचा राहून जातो.

हा भाग म्हणजे बंगळूरची पेठ. कानडीत तिला ‘पेटे’ म्हणतात. पुण्यातील पेठांत वावरलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. केंपेगौडा या नायकाने १५३७ मध्ये मातीचा कोट बांधून हे नगर वसवले, आणि व्यापारी व कारागीर यांना त्यांच्या त्यांच्या व्यवसायाप्रमाणे गल्ल्या नेमून दिल्या. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून तांदळाच्या व्यापाऱ्यांची ती अक्कीपेटे. रागी म्हणजे नाचणी, तिची रागीपेटे. अरळे म्हणजे कापूस, बळे म्हणजे बांगडी. त्यांवरून अरळेपेटे आणि बळेपेटे. कुंभार आणि तेली यांच्याही पेठा होत्या. मोठ्या रस्त्याची ती दोड्डपेटे, लहान रस्त्याची ती चिक्कपेटे. नकाशा न पाहताही कोणती वस्तू कोठे मिळेल हे कळावे, अशी ही सोय होती.

शहराच्या नावाविषयी एक गोष्ट सांगतात. शिकारीत वाट चुकलेल्या वीर बल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेले कडधान्य खाऊ घातले आणि त्यावरून गावाला ‘बेंदकाळूरु’ हे नाव पडले, असे म्हणतात. गोष्ट रुचकर आहे, पण बेगूर येथील नवव्या शतकातील एका वीरगळावर बंगळूरचे नाव आधीच कोरलेले आढळते. तेव्हा उकडलेल्या कडधान्याचे श्रेय त्या म्हातारीकडे ठेवावे आणि पुढे जावे.

मराठी माणसाचे या पेठेशी नाते जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. बाल शिवाजी आणि जिजाबाई काही काळ येथे राहिले होते. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात केले आहे. त्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत असत. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या दानाचा १६६९ सालचा शिलालेख मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वर मंदिरात आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. त्या बदल्यात तीन लाख रुपये दिले गेले, असे इतिहासकार सांगतात. एवढे मोठे शहर एखाद्या वाड्यासारखे विकले जावे, याचे आज नवल वाटते.

राज्ये अशी बदलत गेली, पण बाजार उठला नाही. हैदरअलीने किल्ला दगडी केला. १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या तोफांनी त्याला खिंडार पाडले. आज त्या किल्ल्याचा एक दरवाजा आणि थोडी तटबंदी एवढेच उरले आहे. जवळच टिपू सुलतानाचा लाकडी खांबांचा महाल आहे. तो शांत आणि सुबक आहे. किल्ला पाहायला अर्धा तास पुरतो. पेठेला मात्र दिवस अपुरा पडतो.

सकाळी लवकर कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये जावे. शेवंती, झेंडू, अबोली आणि मोगरा यांचे ढीग तेथे पहाटेपासून लागलेले असतात. विजेचे दिवे भारतात प्रथम लागले त्या शहरांत बंगळूरची गणना होते. शिवनसमुद्र येथील धबधब्यावर तयार झालेली वीज १९०५ मध्ये याच परिसरात आली. परंतु गजरा मोजण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे. फूलवाली तो ‘मोळ’ या मापाने देते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, म्हणजे आपला ‘हात’. हात विकणारीचा असल्यामुळे सराईत गिऱ्हाईक लांब हाताच्या फूलवालीकडेच जाते. भाव विचारायला ‘एष्टु?’ एवढा शब्द पुरतो. उत्तर ऐकून ‘जास्ती आयतु’ म्हणावे. त्यातील ‘जास्ती’ दोन्हीकडे एकच आहे. तुपाला कानडीत ‘तुप्प’ म्हणतात, आणि आपला अडकित्ता तर ‘अडके’ म्हणजे सुपारी या कानडी शब्दावरूनच आला आहे. परक्या गावात असा ओळखीचा शब्द कानी पडला की विकणारा आणि घेणारा यांच्यातला आडपडदा थोडा सरकतो.

चिक्कपेटेत रेशमी साड्यांची दुकाने आहेत. गादीवर बसून साड्यांच्या घड्या उलगडण्यात एक प्रहर सहज जातो. दोड्डपेटेला आता अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात. तेथे जुन्या पुस्तकांचे ढिगारे असतात. परीक्षेची तयारी करणारी, मोजके पैसे घेऊन आलेली मुले आणि नोकरी सांभाळून शिकणारी मोठी माणसे तेथे उभ्याउभ्याच पाने चाळताना दिसतात. या शहराची खरी श्रीमंती कोणाला पाहायची असेल, तर ती उंच काचेच्या इमारतींपेक्षा येथे अधिक दिसते. बळेपेटेत आज वीणा, बासरी आणि मृदंग यांची दुकाने आढळतात. नाव बांगड्यांचे आणि व्यापार सुरांचा. २०१७ पासून भुयारी मेट्रो थेट चिक्कपेटेच्या पोटात येते. वर मात्र हमाल अजूनही हातगाडी ओढत ‘बाजूला व्हा’ अशी हाक देतात. लाकडी खांबांची जुनी घरे पाडून त्या जागी मजल्यावर मजले चढत आहेत. गल्लीची रुंदी तेवढीच आहे.

भूक लागल्यावर दूर जावे लागत नाही. लालबागेजवळ मवळ्ळी टिफिन रूम्स हे १९२४ चे उपाहारगृह आहे. महायुद्धाच्या काळात तांदूळ दुर्मीळ झाला तेव्हा रव्याची इडली येथेच जन्मली, असे त्यांचे सांगणे आहे. बसवनगुडीतील गांधी बाजारात १९४३ चे विद्यार्थी भवन आहे. तेथील दोसा खाण्यासाठी लोक रांगेत उभे राहतात. ‘चौचौ भात’ मागवला तर भात येत नाही. तिखट उपमा आणि गोड शिरा एका ताटलीत शेजारी शेजारी येतात. कॉफी ‘बाय टू’ मागवावी. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून देण्याची ही रीत सर्वत्र चालते. ती मागताना कोणी लाजत नाही आणि देताना कोणी नाक मुरडत नाही.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री ही पेठ झोपत नाही. नगरतपेटेतील धर्मराय मंदिरातून द्रौपदीचा करग निघतो. तिगळ समाजाचा पुजारी स्त्रीवेशात, फुलांनी मढवलेला उंच कलश हात न लावता डोक्यावर तोलून चालतो आणि भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार असतात. अक्कीपेटे, बळेपेटे अशा गल्ल्यांतून मिरवणूक पुढे सरकते आणि वाटेत हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्याशी थांबते. तेथे करगाचे स्वागत होते. मग कलश पुन्हा चालू लागतो. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांना श्वास आवरून अंग चोरावे लागते.