हजेरीचा बिल्ला

आप्पांच्या पत्र्याच्या पेटीतल्या कागदांना एक क्रम आहे. तळाला सात-बारा, त्यावर धरणग्रस्ताचा दाखला, त्यावर पेन्शनचे कागद आणि सगळ्यांत वर, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, फौजेचं डिस्चार्ज बुक. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास सुटतो. काकी चुलीपाशीच बसून म्हणते, "निघालं का काळीज भाईर?"

मी बारामतीला शाळेत शिकवते. सुट्टी लागली की भिगवणच्या रस्त्याने निघायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे कण्हत चाललेला. भिगवण मागे टाकून सोलापूरच्या हमरस्त्याला लागलं की डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं. थंडीत त्या पाण्याच्या कडेला रोहित पक्षी उभे असतात आणि पुण्या-मुंबईची माणसं होड्यांतून त्यांचे फोटो काढत असतात. आप्पांना त्या पक्ष्यांचं कौतुक नाही. "ते हुबं हायेत ना," ते एकदा म्हणाले, "थितं आमचं खळं व्हतं."

बुक मी पहिल्यांदा नीट वाचलं ते त्यांच्या नातवामुळे. तो भरतीच्या अकॅडमीत जातो, पहाटे पाचला उठून डांबरी सडकेवर पळतो. कुणीतरी त्याला विचारलं असावं, म्हणून त्याने येऊन विचारलं, "आजोबा, एकाहत्तरला तुम्ही लढाईत होता का नुसतं कँटीनला?" पोरगं वाईट नाही. आप्पांनी उत्तर दिलं नाही. पेटी ओढली, पिशवी सोडली आणि बुक माझ्या हातात दिलं. "बिल्ल्याचं पान काढ. कोणकोणतं लिव्हलंय ते मोठ्यानं वाच."

मी वाचलं. १९६५ चं रक्षा पदक. संग्राम पदक. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं १९७२ चं पदक. नऊ वर्षांच्या नोकरीचं पदक.

"आन पश्चिमी स्टार?"

मी पान उलटून पाहिलं, परत मागे आले. नव्हता.

"हां," आप्पा नातवाकडे बघत म्हणाले. "म्हनून इचारतो त्यो. त्याची काय चूक?"

आता हे बिल्ल्यांचं गणित थोडं सांगायला हवं, कारण आम्हा घरच्यांनाही ते तोवर ठाऊक नव्हतं. पदक म्हटलं की आपल्याला परमवीर चक्र आठवतं, शौर्य आठवतं. पण साध्या जवानाच्या छातीवरची बहुतेक पदकं शौर्याची नसतात. तो कधी, कुठे होता ते सांगणारी असतात. रक्षा पदक हे ५ ऑगस्ट १९६५ ला फौजेच्या पटावर असलेल्याला आणि १८० दिवस नोकरी भरलेल्याला मिळे. ज्याने गोळीचा आवाज ऐकला नाही त्यालाही. त्याच लढाईत प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्याला मात्र समर सेवा स्टार. एकाहत्तरला तीच रीत. संग्राम पदकाचं जाळं मोठं. त्यावर पूर्वेकडे लढलेल्याला पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडे लढलेल्याला पश्चिमी स्टार. आप्पांनी ते सगळं एका वाक्यात बसवलं होतं. "हजेरीचा बिल्ला हाय, कामाचा न्हाई."

ते १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरच्या भरतीत गेले. पासष्टला हिमालयात, लढाईपासून लांब. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात. पलटणीचं नाव मी घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कुणा एकाची चूक काढता येत नाही. आप्पा ड्रायव्हर होते. लढाईच्या तोंडावर त्यांना गाडीसकट दुसऱ्या युनिटला जोडून दिलं. फौजेच्या भाषेत अटॅचमेंट. गाडी पाण्याची. मुनाबावच्या पुढे खोकरापार ओलांडून नयाछोरच्या दिशेने आपल्या तुकड्या सरकत होत्या आणि त्यांच्यामागे आप्पांची टाकी. वाळूत गाडी न्यायची तर चाकातली हवा सोडून टायर बसकं करायचं, म्हणजे ते वाळूवर पसरतं आणि रुतत नाही. दिवे लावायचे नाहीत. पुढच्या गाडीच्या मागचा पांढरा ठिपका धरून चालायचं. "आपल्या भीमंची वाळू वली," ते सांगतात, "पाय ठिवला की धरून ठिवती. ती वाळू कोनाची न्हाई." पहाटे नळाची तोटी हाताला चिकटावी अशी थंडी. रांगेत आलेला जवान बाटली पुढे करायचा, भरून घ्यायचा, एक शब्द न बोलता जायचा. लढाई चौदा दिवस चालली. त्यांनी गोळी एकही झाडली नाही, हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात.

पुढच्या वर्षी रजेवर घरी आले तेव्हा इथे बाहत्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ दिसत होते. काकी सडकेच्या कामावर खडी फोडत होती आणि घरात लाल मिलोची भाकरी होती. वाळवंटात पाणी पोचवून आलेल्या माणसाला स्वतःच्या दारात पाणी नव्हतं. आणि दहा वर्षं होतात न होतात तोच दारात इतकं पाणी आलं की दारच गेलं. उजनीचं धरण भरलं. ११७ टीएमसीच्या त्या फुगवट्यात कितीतरी गावं गेली, त्यांत यांचंही.

आमच्याकडे 'नोंद' हा शब्द जमिनीतून येतो. बाप गेला की वारसाची नोंद, विहीर पाडली की विहिरीची. तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, नोटीस निघते, कुणी हरकत घेतली नाही तर मंडल अधिकाऱ्याची सही होते. मग पारावर एकच प्रश्न: नोंद लागली का? नोंद 'झाली का' असं कुणी विचारत नाही. लागते. झाडाला फळ लागतं तशी. कधी कधी जिवाला चटका लागतो तशीही. फौजेतही असाच फेरफार असतो, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. लग्न, मूल, बदली, रजा, सगळ्याची ऑर्डर निघते आणि ती अभिलेख कार्यालयात जाऊन जवानाच्या शीट रोलवर उतरते. आप्पांचा शिधा एका युनिटच्या पानावर होता, नाव दुसऱ्याच्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. ज्यांनी त्यांना लढाईत पाहिलं त्यांच्याकडे त्यांचा पट नव्हता, आणि ज्यांच्याकडे पट होता ते तिथे नव्हते.

आप्पांच्या तालुक्याच्या गावाला, इंदापूरला, नोंदीचा असा घोळ तसा नवा नाही. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथेच लढाईत पडले. गावात त्यांची गढी आहे. पण ते नेमके कोणत्या वर्षी पडले यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी १६०६ धरतं, कुणी बरंच पुढे नेतं. राजांची ही कथा, तर पाण्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची काय?

स्टारची नोंद लावून घ्यायची ठरलं. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका शांत गृहस्थाने काय काय जोडायचं ते सांगितलं: अर्ज, बुकाची आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स, बरोबरच्या कुणाचं प्रतिज्ञापत्र. "पेन्शनर आहेत ते बरं," ते म्हणाले. पेन्शन न घेता घरी आलेल्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, मागे राहते ती लाँग रोल नावाच्या यादीतली ओळ. पंधरा वर्षं भरून आप्पा पेन्शनीत आले, त्याचा उपयोग असाही झाला.

अर्जात कायमचा पत्ता विचारला होता. मी नव्या गावठाणाचा घातला. आप्पांनी खोडायला लावला. बुकात जुनं गाव आहे, तेच आधी आलं पाहिजे. "त्यास्नी म्या त्याच गावचा ठावं हाय." मग मी कायमचा पत्ता म्हणून पाण्याखालचं गाव लिहिलं आणि खाली, हल्ली मुक्काम.

प्रतिज्ञापत्रासाठी दौंडच्या बाजूचे एक आजोबा आले. लढाईत ते आप्पांच्या शेजारी गाडीत बसत. त्यांच्या बुकात स्टार आहे. इंदापूरला कचेरीबाहेरच्या टायपिस्टपुढे दोघे खुर्च्या ओढून बसले आणि तिथेच जुंपली. ताफ्यात गाड्या किती? एक म्हणे सात, दुसरे म्हणे नऊ. टायपिस्ट वैतागला. "आजोबा, 'अनेक' लिहितो." आप्पा म्हणाले, "अनेक म्हंजे खोटं." शेवटी गाड्यांचा आकडा वगळला. सह्या झाल्या, चहा झाला, आणि स्टँडवर निरोप घेतानाही दौंडचे आजोबा बोटांवर मोजत होते.

त्या संध्याकाळी मी कागद लावत बसले होते. काकी चहा गाळता गाळता म्हणाली, "माझं बी एक बघ गं. बाहत्तरला म्या खडी फोडली, मुकादम रोज अंगठा घ्यायचा. ती हजेरी गावंल का कुठं?" मी हसले. ती हसली नव्हती. तिने गाळणं झटकलं आणि कप पुढे सरकवला.

उत्तराची वाट बघण्यात महिने गेले. त्या दिवसांत मी इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाबद्दल वाचलं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कूतच्या वेढ्यातही होत्या. बसऱ्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे घातले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्याच अहवालात या पक्षपाताची कबुली दिली. शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी म्हणालं की नोंद चुकली. आपल्याकडेही कित्येक गावांच्या वेशीत तशा संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले. साताऱ्याच्या अपशिंग्यातल्या स्मारकावर मेलेल्यांचा आकडा ४६ आहे. मी आप्पांना हे सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "आकडा तर आकडा," म्हणाले. "त्यात आपला एक असला म्हंजे झालं."

मधेच नातवाने सोपा उपाय काढला. छावणीच्या बाजारात असले स्टार फितीसकट मिळतात, पैसे टाकले की झालं. आप्पा खवळले नाहीत. "बैल इकत घेतला तरी बाजाराची पावती लागती. ह्याची पावती कोन देनार?"

मग पत्र आलं: मूळ बुक पाठवावं. आप्पांची खरी परीक्षा ती. दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बुक घेऊन माझ्याबरोबर पोस्टात आले. पाकीट काट्यावर ठेवलं तेव्हा उसाच्या गाडीच्या वजनाला वाकून बघावं तसे वाकले. "किती भरलं?" खिडकीतल्या बाईंनी ग्रॅम सांगितले. पावतीवरचा आकडा त्यांनी मला दोनदा वाचायला लावला आणि पावती पेटीत बुकाच्या जागी ठेवली, दुधाच्या पिशवीत.

बुक मे महिन्यात परत आलं. उजनी मृतसाठ्यात गेलं होतं. पाण्याखालची जुनी देवळं उघडी पडली होती, लोक गाड्या घेऊन बघायला येत होते. आप्पा ओट्यावर बसले. मी ते पान काढलं. चार जुन्या ओळी फिकट झालेल्या, खाली पाचवी नव्या शाईत, बाजूला शिक्का आणि बारीक सही. मी वाचली. दोन शब्द.

"येवढंच?"

"एवढंच, आप्पा."

त्यांनी बुक हातात घेतलं, उन्हाकडे धरलं. नातू मागे उभा राहून वाकून बघत होता. "पुन्यांदा वाच," ते मला म्हणाले. मी वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात आतून काकी ओरडली, "आवं, नळाला पानी आलंया!" तीन दिवसांनी आलं होतं ते. आप्पांनी बुक नातवाच्या हातात दिलं, धोतराचा सोगा खोचला आणि हंडा उचलून नळाकडे निघाले.