चतुःसीमेबाहेरची अक्षरं

कोकणातला सामाईक सातबारा ज्याने कधी टाइप केलेला नाही, त्याला कर्सरचं दुखणं कळायचं नाही. चार गुंठ्यांच्या तुकड्याला पंधरा-वीस खातेदार, त्यातले निम्मे मुंबईला, एक-दोघे वारलेले आणि त्यांची वारसनोंद अजून व्हायची असलेली. तीन चुलतभावांची नावं एकच, फरक काय तो वडिलांच्या नावात. ही सगळी मंडळी दस्तात ‘लिहून देणार’ म्हणून एकाखाली एक यायला हवीत. नाव, वय, धंदा, पत्ता, पॅन, आधार. मग मिळकतीचं वर्णन, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. दुय्यम निबंधकांच्या कचेरीसमोर टेबल टाकून मी वर्षानुवर्षं हेच करत आलो आहे, आधी टाइपरायटरवर, मग डेस्कटॉपवर आणि आता लॅपटॉपवर. लॅपटॉप घेण्याचं कारण साधं होतं. पावसाळ्यात वीज जाते आणि पार्टीला टोकनची वेळ मिळालेली असते. बॅटरी असलेलं यंत्र हवंच होतं. त्याच्या पोटावर एक चौकोनी गुळगुळीत पट्टी असते आणि ती आपल्या कामात हात घालते, एवढं मात्र घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

होतं ते असं. नजर डावीकडच्या कागदांवर, बोटं कळफलकावर. आमच्या धंद्यात स्क्रीनकडे बघत टाइप करणारा माणूस दिवसाला दोन दस्तही संपवायचा नाही. टायपिंग चालू असताना बाणाचा पॉइंटर स्क्रीनवरून गायब होतो, ती विंडोजची सोयच आहे. पण दिसत नसला तरी तो शेवटी सोडला होता तिथेच उभा असतो. थोड्या वेळापूर्वी हिस्सा नंबर तपासायला मी तिथे क्लिक केलेलं असतं, मग कळफलकावरूनच खाली साक्षीदारांपर्यंत आलेलो असतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग पट्टीला जरा लागतो. पट्टीच्या लेखी ती टिचकी असते आणि टिचकी म्हणजे क्लिक. कर्सर साक्षीदारांच्या रकान्यातून उडी मारून हिस्सा नंबरापाशी जातो आणि ‘1’ हा आकडा, जो साक्षीदार क्रमांक एकचा होता, तो तिथे पडतो. हिस्सा नंबर 3 चा झाला 31. त्याच्या पाठोपाठ साक्षीदाराचं अर्धं नावही तिथेच.

हे लक्षात येतंच. कागदावरून मान वर केली की घुसलेलं नाव डोळ्यात भरतं. मग माणूस बॅकस्पेस मारत सुटतो. तो एक कमी पडला तर 31 तसाच राहतो, एक जास्त पडला तर 3 सुद्धा जातो. आणि त्या सर्व्हे नंबरात 31 हिस्सा खरोखरच असतो. कोकणात असतोच. म्हणजे दस्तात जे छापून येतं ते वाचायला पूर्ण शहाणं दिसतं, फक्त जमीन दुसऱ्याची असते.

मराठीत हा उपद्रव इंग्रजीपेक्षा अंमळ जास्तच. इंग्रजीत भलतीकडे पडलेलं अक्षर बहुधा शब्दाचं वाटोळं करतं आणि खाली लाल रेघ उमटते. आपल्याकडे नुसता अनुस्वार उडाला आणि ‘त्याचा’वर जाऊन बसला, की ‘त्यांचा’ होतो. शुद्ध शब्द. लाल रेघ नाही, काही नाही. ‘त्याचा हिस्सा’ एका भावाचा, ‘त्यांचा हिस्सा’ सगळ्या भावांचा. वेलांटी किंवा मात्रा मोकळ्या जागेत पडली तर युनिकोडमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ तरी दिसतं, तेवढीच कृपा. आधीच्या फॉन्टांमध्ये, जिथे प्रत्येक मात्रा म्हणजे नुसतं एक चित्र होतं, तिथे तेही नव्हतं. मात्रा पडेल तिथे गुमान छापली जायची.

सगळ्यात वाईट मात्र दोनदा टिचकी मारून बोट सरकवायची सोय. तळहात तसा हलला की मजकुराचा आख्खा पट्टा निवडला जातो, आणि निवडलेल्या मजकुरावर पुढची कळ पडली की तो पट्टा जाऊन तिथे एक अक्षर उरतं. चारही दिशांची चतुःसीमा जाऊन तिच्या जागी एकटा ‘त’. कंट्रोल-झेडने ती परत येते हे खरं, पण त्यासाठी ती गेली हे कळावं लागतं.

नोंदणी झाल्यावर चूक सापडली तर चूकदुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्यावर त्याच सगळ्या माणसांच्या सह्या, अंगठे, फोटो पुन्हा. मुंबईहून सुट्टी काढून, रात्रीच्या गाडीने येऊन गेलेल्या चुलत्यांना परत बोलवायचं. तोवर व्यवहाराचे पैसे वाटून झालेले असतात आणि भावकी पुन्हा एकमेकांशी बोलेनाशी झालेली असते. एका खोलीत ती सगळी एकदा बसली होती हाच मुळात योग होता. म्हणून आमच्या टेबलावर कर्सरच्या उडीला तांत्रिक किरकोळी म्हणून सोडून देता येत नाही.

टाइपरायटरला हे ठाऊकच नव्हतं. त्या यंत्रात अक्षर पडायची जागा एकच, यंत्राच्या मधोमध. सरकायचा तो कागद. कॅरेज एकेक घर डावीकडे जायचं आणि प्रत्येक खिळा येऊन त्याच ठिकाणी आपटायचा. चूक झाली तर ती डोळ्यांसमोर, आत्ता मारलेल्या जागी. तीन ओळी वरच्या आकड्यात बदल करायचा तर रोलर उलटा फिरवून कागद तिथवर आणावा लागे. नकळत ते होणं शक्यच नव्हतं. गोदरेजने 1955 साली सुरू केलेलं टाइपरायटरचं उत्पादन 2009 मध्ये थांबवलं, त्याच्या कितीतरी आधी आम्ही बहुतेकांनी यंत्रं कोपऱ्यात सरकवली होती. खोडाखोड नको, कार्बन नको, एक दस्त दुसऱ्यावरून बेतता येतो, याचंच अप्रूप होतं. अक्षराची ठरलेली जागाही त्या यंत्राबरोबर गेली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि मनगट. टायपिंग क्लासमध्ये सरांचं पहिलं वाक्य ‘मनगट वर’ हेच असे. कुणी टेकवलं की लाकडी पट्टी यायची. टाइपरायटरपुढे तसा हात टेकवायला काही नव्हतंच, कळफलकाच्या अलीकडे सरळ टेबलाची कड. सुरुवातीचे लॅपटॉपही तसेच होते, कळा अगदी पुढच्या काठापर्यंत. 1991 मध्ये ॲपलच्या पॉवरबुकने कळफलक मागे, स्क्रीनकडे ढकलला आणि अलीकडे हात ठेवायला ऐसपैस जागा करून मधे एक गोळा बसवला. 1994 मध्ये त्या गोळ्याच्या जागी बोटाने चालणारी सपाट पट्टी आली. पुढे सगळ्यांनीच तो आराखडा उचलला. आयबीएमच्या थिंकपॅडने 1992 मध्ये दुसरी वाट धरली होती, जी, एच आणि बी या कळांच्या मधे एक लाल बोंडूक. ते बोटाच्या दाबाने चालतं, तळहाताचा आणि त्याचा संबंधच येत नाही. माझ्या मते टाइप करणाऱ्यांसाठी तीच वाट बरी होती, पण ती दिसायला विचित्र आणि शिकायला जरा हट्टी. बाजाराने सपाट पट्टी निवडली. तेव्हा एकीकडे ‘हात टेकवा’ म्हणून बैठक दिलेली आणि नेमका तिच्या मधोमध हा पहारेकरी.

पहारेकऱ्याला दाब लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पट्टीच्या खाली विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता बदलते आणि यंत्र त्यावरून बोटाची जागा काढतं. त्यामुळे हलका स्पर्शही पुरतो. तळहात कोणता आणि बोट कोणतं हे स्पर्शाचा आकार, पसारा, तो काठाजवळ आहे की मधे, यावरून ताडायचा प्रयत्न असतो. पसरट तळहात बहुतेक वेळा ओळखला जातो. अंगठ्याच्या बुडाची नुसती कड लागली, तर तिचा ठसा बोटासारखाच दिसतो.

म्हणून दुसरा उपाय केलेला असतो. कळा चालू आहेत तोवर पट्टीने टिचकी मानायची नाही. विंडोजच्या सेटिंगात ‘टचपॅड सेन्सिटिव्हिटी’ म्हणून चार पायऱ्या दिसतात, त्या मुख्यतः याच गोष्टीच्या. कळ दाबल्यावर पट्टीने किती वेळ बहिरं राहायचं. आधीच्या आवृत्त्यांत तो पर्याय सरळ ‘डिले’ म्हणूनच लिहिलेला होता, शॉर्ट, मीडियम, लाँग. आता संवेदनशीलता म्हटल्यामुळे माणसाला वाटतं, आपला हात जड आहे.

इथे माझा खरा आक्षेप येतो. ही व्यवस्था ज्याने आखली त्याच्या डोळ्यांसमोर सलग टाइप करणारा माणूस होता. तो धडाधड टाइप करतो, थांबतो, मग बोटाने काहीतरी दाखवतो. थांबला म्हणजे त्याचं लिहिणं झालं. आमचं तसं नाही. आमच्या कामात थांबणं हाच अर्धा धंदा. ‘यातील लिहून देणार क्रमांक चार यांना’ इथवर लिहिलं आणि काकांकडे बघितलं. काका म्हणतात, ‘त्याचं नाव रेशनकार्डावर वेगळं आहे हो.’ मग रेशनकार्ड निघतं, पिशवीतून, प्लास्टिकच्या पिशवीतल्या दुसऱ्या पिशवीतून. तेवढा वेळ हात कुठे जाणार? ज्या बैठकीवर टेकायला सांगितलं आहे तिथेच टेकतात. आणि नेमकी तेव्हाच पट्टी जागी झालेली असते, कारण कळा गप्प आहेत. शब्द शोधत थांबलेला कुणीही लिहिणारा याच फासात सापडतो. बोटांचा आवाज बंद झाला म्हणजे माणूस लिहायचा थांबला, हे गणित यंत्राचं आहे, लिहिणाऱ्याचं नाही.

यात आमच्या हवेची भर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळहात कोरडा असा नसतोच, आणि ओलसर पट्टीवर कर्सर वेड्यासारखा भिरभिरतो. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग धड नसेल तर चार्जर लावल्यावर कर्सर थरथरतो आणि काढल्यावर शांत होतो, हा अनुभव तर जुन्या इमारतीत बसणाऱ्या प्रत्येकाला आहे. दोष पट्टीचा समजून माणूस दुकान गाठतो, आणि दुकानात अर्थिंग ठीक असल्याने तिथे ती शहाण्यासारखी वागते. एक कारण मात्र गंभीर. पट्टी एका बाजूने उचललेली वाटली, आपोआप क्लिक व्हायला लागले, तर यंत्र उघडून बघावं. खालची बॅटरी फुगून पट्टीला वर ढकलत असते. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, बॅटरीच बदलावी लागते, आणि तीही लगेच.

बाकी इलाज फार नाहीत, पण आहेत. टिचकीने क्लिक व्हायचा पर्याय बंद करायचा. मग क्लिकसाठी पट्टी दाबावी लागते, आणि मुद्दाम दाबणं चुकून होत नाही. दोन टिचक्या मारून ओढायची सोयही बंद. माउस लावला की पट्टी आपली आपण बंद व्हावी असा एक चौकोन असतो, तो साधला की निम्मी कटकट संपते. मी शेवटी बाहेरचा कळफलक घेतला आणि लॅपटॉप टेबलाच्या मागच्या कडेला सारला. टेबल आधीच लहान, आता पार्टीच्या कागदांना जागा उरत नाही.

माझ्या हाताखालच्या मुलाला यातलं काहीच पटत नाही. तो टिचकीचा पर्याय रोज संध्याकाळी चालू करतो आणि मी रोज सकाळी बंद करतो. त्याचा कर्सर कधी उडत नाही. मी बरेच दिवस त्याच्या हातांकडे बघत होतो, तेव्हा उलगडा झाला. तो कळा बघून दोन बोटांनी टाइप करतो. त्याचे हात हवेतच असतात. क्लासला जाऊन दहा बोटं शिकलेल्या, दोन्ही अंगठे स्पेसबारवर ठेवणाऱ्या माणसालाच ही पट्टी छळते, कारण ती बरोबर स्पेसबारच्या खाली आहे.

मुलाला मी एवढंच बजावलं आहे की वाचायची पद्धत बदलायची. टाइपरायटरच्या काळात आत्ता मारलेली ओळ नीट वाचली की पुरे होतं. आता आत्ता मारलेली ओळ बहुधा बरोबरच असते. बिघडलेली असते ती, जी आपण घटकाभरापूर्वी तपासून ‘झाली’ म्हटलेली. म्हणून छापण्याआधी सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी पुन्हा ताडायची, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. पार्टीला हे आवडत नाही. ‘मघाशीच वाचलंत की,’ म्हणतात. टोकनची वेळ होत आलेली असते.

आणि गर्दीच्या दिवशी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढावा लागतो, तेव्हा पार्टी आपला सातबारा सरळ पट्टीवरच पसरते. नुसत्या कागदाला पट्टी भीक घालत नाही. पण काका त्या कागदावर बोट ठेवून सांगायला लागतात, ‘हे बघा, इथे आमची विहीर,’ आणि पातळ कागदाआडूनही पट्टीला ते बोट कळतं. स्क्रीनवर कर्सर निघालेला असतो, शेजाऱ्याच्या बांधाकडे.