गिअरबॉक्स उघडण्याआधी अर्धा तास



रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बसला की काय होतं ते आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या धानवाल्यांना सांगायला नको. पऱ्हे 20-25 दिवसांचे होऊन तयार असतात, बांध्यांत पाणी साचलेलं असतं, रोवणीच्या बायांना शब्द दिलेला असतो. पऱ्हे म्हातारे झाले की फुटवे कमी पडतात, ते नंतर कोणतंही खत भरून देत नाही.

यंदा माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर ऐन चिखलणीत ओढेनासा झाला. 35 एचपीचा, 22 वर्षं जुना. इंजिन जोरात वाजे, पण चिखलात चाकं फिरत नव्हती. मिस्त्रीनं उभ्या उभ्या सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, ट्रॅक्टर मधून तोडावा लागेल." खर्च 45 हजार आणि आठ दिवस. पैसे कुठून तरी उभे झाले असते, आठ दिवस कोण देणार?

म्हणून ट्रॅक्टर तोडण्याआधी आम्ही बाहेरूनच तपासला. ताकद गिअरबॉक्सच्या आधी अडते आहे की आत, एवढंच आधी पाहायचं. क्रम लिहून देतो, जुना ट्रॅक्टर असेल त्यानं जपून ठेवावा.

1) दांडे पाहा. हाय-लोचा दांडा अर्धवट मध्येच राहिला तर कोणताही गिअर टाका, ट्रॅक्टर हलत नाही. हसू नका, यासाठी मिस्त्री बोलावलेले लोक मी पाहिले आहेत.

2) तेल पाहा. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करून पट्टी काढा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. जळका वास आला तर तेल जुनं झालं, नाहीतर आत काहीतरी तापतं आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं, त्यामुळे लिफ्ट थरथरत किंवा हळू उठत असेल तर तीही तेलाची तक्रार असू शकते. पाण्याची शंका असेल तर ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू न करता खालचं बूच किंचित ढिलं करा. खाली बसलेलं पाणी आधी बाहेर येतं.

3) क्लचच्या पायट्याची ढिलाई मोजा. इंजिन बंद ठेवून पायटा हातानं दाबा. सुरुवातीला काही अंतर तो मोकळा जायला हवा, साधारण एक इंच. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाहा. प्लेट झिजत जाते तशी ही ढिलाई कमी होते. ती संपली की पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेट घसरते.

4) क्लच घसरतो का ते पाहा. मोकळी सपाट जागा, समोर माणूस-जनावर नको. दोन्ही ब्रेक जोडून घट्ट दाबा, वरचा गिअर टाका, रेस मध्यम ठेवा आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच पकडतो आहे. इंजिन चालूच राहिलं तर क्लच घसरतो आहे. हे एकदाच आणि दोन-तीन सेकंदच करायचं, जास्त केलं तर प्लेट जळते.

5) गिअर टाकताना कान द्या. क्लच दाबून पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरी करकर आली तर क्लच पूर्ण सुटत नाही. एकाच गिअरला त्रास असेल, बाकीचे नीट पडत असतील, तर खराबी आत आहे. गिअर आपोआप निसटत असेल तर गोळी-स्प्रिंग किंवा फोर्कची झीज पाहायची. अनेक ट्रॅक्टरांत वरचं झाकण उचलून तेवढं पाहता येतं.

6) आवाज पायट्यासोबत बदलतो का? पायटा दाबल्यावरच आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये आवाज आहे आणि पायटा दाबला की जातो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची बेअरिंग.

7) बेल हाउसिंगच्या खालचं भोक पाहा. तिथून तेल टपकत असेल तर आतलं सील गेलं आहे आणि प्लेट तेलकट झाली असणार. मग मात्र ट्रॅक्टर तोडल्याशिवाय इलाज नाही. काढलेल्या तेलात धातूचे तुकडे निघाले तरी तसंच. बुचाच्या चुंबकाला बारीक काळा लगदा लागतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

भावाच्या ट्रॅक्टरला पायट्याची ढिलाई शून्य निघाली. खालचं भोक कोरडं होतं. पायट्याचा रॉड पुस्तकाप्रमाणे जुळवला, पुन्हा चौथी तपासणी केली, इंजिन लगेच बंद पडलं. तेल मात्र दुधाळ होतं. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं, ट्रॅक्टर पावसात उघडा, पाणी तिथूनच जात होतं. तीसेक लिटर तेल बदललं, रबर नवीन बसवलं, खर्च साडेसात हजारांच्या आत. दुसऱ्या दिवशी केजव्हील लावून ट्रॅक्टर बांधीत उतरला आणि रोवणी वेळेत निघाली.

प्लेट झिजलेली आहेच. ती धान कापून झाल्यावर, मोकळ्या वेळात बदलायची असं ठरलं आहे. तोवर ड्रायव्हर पोराला एकच ताकीद, चालवताना पाय पायट्यावर ठेवायचा नाही.

मिस्त्री लोकांवर माझा राग नाही. हंगामात त्यांच्याही दारात दहा ट्रॅक्टर उभे असतात. पण आपण "गिअरबॉक्स बिघडला" म्हणून गेलो तर ते गिअरबॉक्सच उघडणार. "ढिलाई इतकी, तेल असं, आवाज पायटा दाबल्यावर" असं सांगा, म्हणजे त्यांचंही काम सोपं आणि आपलाही खिसा वाचतो.

आणि एक. चिखलणीआधी बेल हाउसिंगच्या भोकाला बूच लावता ना? रोवणी संपली की ते आठवणीनं काढा. नाहीतर आत जमलेलं तेल-पाणी प्लेटवर बसतं आणि रब्बीत हेच दुखणं पुन्हा सुरू.